वजीरचं पथ्य

आमच्या आत्यापासून लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत आजवर एकाही घराला काही लपवता आलेलं नाही. अट एवढीच की त्या घरात कुत्रं असलं पाहिजे. माणसं तिच्यासमोर कितीही गोड बोलोत, ती ऐकून घेते, मान हलवते, मग खाली वाकून त्या घरातल्या कुत्र्याचा कान उलटा करते आणि त्यात नाक खुपसून डोळे मिटते. अर्धं मिनिट जातं. कुत्रं हलत नाही, घरातली माणसं हलत नाहीत. मग आत्या डोळे उघडते आणि एकच वाक्य बोलते. त्या वाक्यानंतर त्या घरात दोन-तीन दिवस तरी कुणी कुणाशी सरळ बोलत नाही.

आत्या अहमदपूरला राहते. तिथल्या मुलींच्या शाळेत तिनं गृहशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर माणसांच्या स्वयंपाकातून लक्षच काढून घेतलं. उंच, काटकुळी, राखी रंगाच्या सुती साड्या नेसणारी. टाच दुखते म्हणून पायात कायम कॅनव्हासचे बूट, त्यामुळे तिच्या पावलांचा आवाज येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात एकटे उभे आहात असं समजून डब्यातला लाडू तोंडात टाकावा, तर मागून शांत आवाज येतो, "तुपात वास आलाय त्याच्या. खाऊ नको." लहानपणी तिच्या घरी सुट्टीला गेलो की मी खोकत खोकत चालायचो, म्हणजे ती कुठं आहे ते नाही, तर निदान मी कुठं आहे ते तरी मला कळावं.

हा सगळा नाद लागला तो बुंदीमुळे. बुंदी म्हणजे आत्यानं रस्त्यावरून आणलेली तांबडी कुत्री. तिला अशी खाज सुटायची की ती स्वतःचे पंजे चावून रक्त काढायची. इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं, सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी लातूरच्या एका म्हाताऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी आत्याला सांगितलं, "बाई, गोचीड नाही, पिसवा नाहीत, खरूज नाही. औषध मी देतो, पण हिच्या ताटात काय वैरी बसलाय ते तुम्हालाच शोधावं लागेल." आत्यानं तीन महिने शोधला. तो निघाला गहू. बुंदी रोज पोळी खात होती आणि पोळी बुंदीला खात होती. त्या दिवसापासून आत्याचं आयुष्य या एका कामाला लागलं.

तिची पद्धत ती शाळेतल्या मुलींना समजवावी तशी समजावते. "चोर पकडायचा असंल तर आधी सगळ्यांला घराबाहेर काढायचं. मग एकेकाला आत घ्यायचं आन् बघत बसायचं." म्हणजे कुत्र्यानं जन्मात कधी खाल्ल्या नाहीत अशा दोनच गोष्टी शोधायच्या आणि आठ आठवडे तेवढंच द्यायचं. पोळीचा तुकडा नाही, दुधाचा थेंब नाही, गोड चवीच्या औषधाच्या गोळ्या नाहीत. खाज थांबली, की एकेक जुना पदार्थ परत देऊन पाहायचा. आमच्याकडची कुत्री पोळी, दूध, वरण-भात, अंडी यांवर वाढलेली. मग न खाल्लेलं काय उरतं? रताळं, भगर आणि बोकडाचं मटण. त्यामुळे आत्याच्या हाताखालची सगळी कुत्री बारा महिने उपवासाचं खातात, वर मटण. या उपवासाला कोणत्याही शास्त्रात नाव नाही. आम्ही लिंगायत, आत्यानं आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. पण अंगणात चूल मांडून, वेगळं पातेलं ठेवून, नाकाला पदर बांधून ती मटण शिजवते आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणते, "तुला न्हाई, त्याला हाय."

रताळं-भगर मात्र ती स्वतः चाखल्याशिवाय कुत्र्याला देत नाही. आणि घरात पाहुणा असेल तर पाहुण्यालाही चाखावं लागतं. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. बायकोला घेऊन लग्नानंतर पहिल्यांदा आत्याकडे गेलो तेव्हा आमच्यापुढे दोन वाट्या आल्या. बायकोनं सगळी वाटी संपवली आणि मला कानात विचारलं, "तुमच्यात नव्या सुनेला हे देतात का?" मी हो म्हणालो. काय सांगणार?

तिच्या कीर्तीची सुरुवात झाली ती धान्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्याच्या घरापासून. घर कडक शाकाहारी, कांदासुद्धा मोजून. त्यांच्या अल्सेशियनचे कान सडल्यासारखे झाले होते. आत्यानं पथ्य दिलं. पाच आठवडे झाले तरी कान तसेच. आत्या गेली, कान हुंगला, मग तोंड हुंगलं आणि सगळ्या कुटुंबासमोर म्हणाली, "या घरात अंडी येतात." अडत्याची बायको रडायला लागली, सुना एकमेकींकडे संशयानं पाहू लागल्या. आत्या कुणाकडेच पाहत नव्हती. ती कुत्र्याकडे पाहत होती, आणि कुत्रं पाहत होतं आजोबांकडे. सगळ्या गावाला भजनाला बसवणारे ते आजोबा रोज संध्याकाळी गोदामामागे दोन उकडलेली अंडी खायचे आणि साक्षीदार गप्प राहावा म्हणून एक पिवळा बलक त्याला द्यायचे. आजोबांनी तिथेच कबूल केलं. कुत्रं महिन्यात बरं झालं. आजोबांना मात्र बरं वाटायला वर्ष लागलं.

असं चार-पाच घरांत झाल्यावर लोक आत्याला बोलावतातही आणि घाबरतातही. त्यांचं फार चुकतं असं मी म्हणणार नाही. भर दुपारी आत्या गल्लीतून निघाली की ओट्याखाली, गाड्यांखाली पडलेली कुत्री एकेक करून उठून उभी राहतात. भुंकत नाहीत, शेपटी हलवत नाहीत. नुसती उभी राहतात आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहतात. मी तिच्याबरोबर चालताना एकदा मागे वळून पाहिलं, तर वीस-बावीस कुत्री रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी होती आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. "आत्या, ही अशी का करतात?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांला वाटतंय मी कुणालातरी न्यायला आले." आणि चालत राहिली. शाळेतल्या मुली तिच्या दारावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातात, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणते, "जाऊ दे. उन्हाची बाजू हाय ती, हाडं मजबूत व्हतील."

बिलोलीचं प्रकरण आलं ते गेल्याच्या गेल्या वर्षी, श्रावणात. तिथल्या कोर्टात नाझर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ वारले होते. मागे त्यांची बायको, जिला सगळे नाझरबाईच म्हणायचे, आणि वजीर नावाचा कारवानी कुत्रा. कारवानी म्हणजे आमच्याकडची शिकारी जात; लांब तोंड, आवळलेली कंबर, वाऱ्यासारखे पाय. वजीर पांढराशुभ्र होता म्हणे. मी आत्याला गाडीनं घेऊन गेलो आणि आम्ही त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या अंगावर पांढरं फक्त ठिकठिकाणी उरलं होतं, बाकी लालसर-काळी उघडी कातडी. तो दारात उभा राहिला तेव्हा मला क्षणभर वाटलं की अर्धाच कुत्रा उभा आहे, उरलेला अजून यायचा आहे.

नाझरबाईंचा मुलगा हैदराबादला होता. दिवाळीनंतर येऊन तो घराला कुलूप लावणार आणि आईला घेऊन जाणार, हे ठरलं होतं. वजीरबद्दल त्यानं फोनवर सांगितलं होतं की बरा झाला तर नेऊ, नाहीतर डॉक्टरांना सांगून कायमचं इंजेक्शन देऊन टाकू, असल्या अंगाचं कुत्रं फ्लॅटमध्ये लहान मूल असताना कसं ठेवायचं. नाझरबाई हे अगदी हळू आवाजात सांगत होत्या, वजीरला ऐकू जाऊ नये म्हणून.

आत्यानं विचारपूस केली. डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं. वजीरचं खाणं म्हणजे दूध-पोळी, वरण-भात आणि नाझरसाहेब चार वाजता चहात बुडवून द्यायचे ती बिस्किटं.

"बिस्किटं आताबी हायत?" आत्यानं विचारलं.

"ते गेल्यापासून बंद," नाझरबाई म्हणाल्या. "मी कशाला देऊ? मला तर त्याचा लळाही नव्हता एवढा. तो साहेबांचा."

आत्यानं कान हुंगला. या वेळी ती काही बोलली नाही. आठ आठवड्यांचं पथ्य लिहून दिलं. रताळी नाझरबाईंनी उकडायची, आणि मटण शेजारच्या शमीमबी शिजवून देणार, बिनमिठाचं. शमीमबी या नाझरसाहेबांच्या जुन्या शेजारीण, साठीच्या, कमरेवर हात ठेवून बोलणाऱ्या. "साहेबांचं जनावर हाय," त्या म्हणाल्या, "एवढं तर आपलं फर्ज हाय."

पहिले तीन आठवडे फोनवर चांगलं कळत होतं. खाज कमी, पंजे चाटणं बंद, पोटावर लव आली. चौथ्या आठवड्यात फोन आला की पुन्हा सुरू झालं. आत्यानं मला लातूरहून बोलावून घेतलं आणि आम्ही मुखेड, नरसी करत बिलोली गाठलं. वजीरचे डोळे सुजले होते. आत्यानं या वेळी कान सोडून थेट तोंड हुंगलं.

"बिस्कीट," ती म्हणाली. "चहा आन् बिस्कीट. रोजचं हाय, एका दिवसाचं न्हाई."

नाझरबाईंचा चेहरा पडला. "बाई, महादेवाची शपथ. मी एक कण दिला नाही."

आत्यानं त्यांचा चेहरा निरखला. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "खोटं बोलत न्हाई ती." आणि वजीरकडे बघून, "कुत्रंबी न्हाई."

आम्ही शमीमबींकडे गेलो. त्यांनी कानाला हात लावला. रस्त्यावरून कुणी काही टाकत असेल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, फाटक तर कायम बंद. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "एक गोष्ट बोलू का? तुमी हसू नका. चार वाजता साहेबांची खुर्ची वाजते. मला भिंतीतून ऐकू येतं. तीस वर्षं ऐकलेला आवाज हाय. मैयतीनंतर बंद झाला होता, मागच्या हप्त्यापासून परत चालू झाला."

मी हसलो नाही. आत्यानं घड्याळात पाहिलं. पावणेतीन झाले होते.

आम्ही परत येऊन ओसरीवर बसलो. बाहेर आभाळ भरलेलं होतं पण वारा नव्हता. पडवीत वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता. नाझरबाई म्हणाल्या, मी जरा पडते. माजघराचं दार उघडं होतं आणि त्यातून नाझरसाहेबांची वेताची खुर्ची दिसत होती, लाकडी हातांची, बसून बसून खोलगट झालेली. वजीर अंगणातल्या कडुनिंबाखाली झोपला होता.

चारला काही मिनिटं कमी असताना तो उठला. कुणी हाक मारली नव्हती. शहाबादी फरशीवर त्याची नखं टकटक वाजत गेली. तो माजघरात जाऊन खुर्चीसमोर बसला, पाठ ताठ, तोंड वर. खुर्ची रिकामी होती आणि तो बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता.

मग स्वयंपाकघरातून नाझरबाई आल्या. त्यांच्या हातात ताट होतं, त्यात दोन कप आणि बिस्किटांचा डबा. खुर्चीशेजारच्या स्टुलावर त्यांनी ते ठेवलं आणि बाजूला पाटावर बसल्या. त्यांचा चेहरा घरात एकट्या असलेल्या बाईचा नव्हता.

"आज नळ आला नाही," त्या म्हणाल्या. "अहमदपूरच्या बाई आल्यात, वजीरसाठी. चांगल्या आहेत. जेवल्या नाहीत नीट." थोडं थांबून त्या बारीक हसल्या, कुणीतरी काही उत्तर दिल्यासारखं. "हो, भाचा जेवला."

मग त्यांचा उजवा हात डब्याकडे गेला. बिस्कीट दुसऱ्या कपात बुडालं. तो हात खुर्चीच्या लाकडी हातावर येऊन टेकला, मनगट सैल, बोटं खाली लोंबलेली, बसलेला पुरुष सोडतो तसा. त्यांच्या भाराने खुर्ची करकरली. वजीरनं पुढे होऊन अलगद ते बिस्कीट घेतलं. एवढ्या वेळात त्यानं नाझरबाईंकडे एकदाही पाहिलं नाही. त्याची नजर वर, खुर्चीच्या पाठीशी होती. आणि मग त्याचे कान हळूहळू मागे गेले, डोळे मिटले, मान थोडी खाली झुकली. डोक्यावरून हात फिरला की कुत्री करतात तशी. नाझरबाईंचे दोन्ही हात तेव्हा कपावर होते.

आत्यानं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता. आत्याला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तरी ती उठली. मला वाटलं, आता ती नेहमीचं एक वाक्य बोलणार आणि त्या बाईचं उरलंसुरलं सगळं मोडणार. आत्या आवाज न करता आत गेली, खुर्चीसमोर फरशीवर, वजीरच्या शेजारी मांडी घालून बसली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाली, "नमस्कार नाझरसाहेब. मी अहमदपूरची बाई. थोडं बोलायचं हाय."

नाझरबाई दचकल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

"या बिस्किटातल्या गव्हानं ह्याचं अंग सडून राहिलंय," आत्या म्हणाली. "तुमचा जीव हाय त्याच्यावर, मला कळतंय. पण हे बंद करा. दिवाळीनंतर तुमचा मुलगा येणार हाय. त्यानं असं अंग बघितलं तर इंजेक्शन देतील त्याला."

"ऐकायचे नाहीत ते," नाझरबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी साखर सोडा म्हटलं तर त्यांचंही ऐकलं नाही."

"मग द्यायचं सोडू नका म्हणावं. दुसरं द्या म्हणावं." आत्यानं पिशवीतून वाळवून भाजलेल्या रताळ्याच्या चकत्यांची पुडी काढली, डब्यातली बिस्किटं पिशवीत ओतून घेतली आणि चकत्या डब्यात भरल्या. "चहात बुडवायचं न्हाई. कोरडंच. आवडंल त्याला."

नाझरबाई डब्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी आपला उजवा हात वर उचलून पाहिला. बोटांना चहा आणि बिस्किटाचा लगदा लागला होता. त्यांचा चेहरा कोणीतरी झोपेतून उठवावं तसा हळूहळू बदलत गेला. बाहेर शमीमबींच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

"मीच देत होते का हो, बाई?"

आत्यानं त्यांचा हात आपल्या पदरानं पुसला, एकेक बोट. "कोण देत होतं ते मला नको," ती म्हणाली. "काय देत होतं तेवढं मला पायजे होतं. ते कळलं."

परतीच्या वाटेवर नरसीच्या फाट्यावर चहा प्यायला थांबलो तेव्हा टपरीवाल्याचं कुत्रं तिच्या पायाशी येऊन बसलं, पण तिनं त्याचा कान पाहिला नाही. एवढंच म्हणाली, "ह्याच्या पुढं कुणाच्या घरी जाताना मी आधी खोकत जाईन."

वजीर बरा झाला. दसऱ्यापर्यंत त्याच्या पाठीवर केस भरले, दिवाळीला तो दुधासारखा पांढरा झाला. एकेक पदार्थ परत देऊन पाहिल्यावर दूध चाललं, डाळ-भात चालला, गहू मात्र कायमचा बंद. मुलगा आला, वजीरच्या अंगावरून हात फिरवत बराच वेळ बसला, आणि नवी गादी टाकून त्याला गाडीतून हैदराबादला घेऊन गेला. खुर्ची गाडीत मावत नव्हती. ती राहिली.

पौषात नाझरबाईंचा आत्याला फोन आला. मी तेव्हा आत्याकडेच होतो. वजीर छान आहे, नातू त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपतो, सून रताळी उकडते. आत्या हं हं करत होती. मग तिनं विचारलं, "आन् चार वाजता?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्यानं फोन ठेवला आणि अंगणातल्या चुलीकडे पाहत राहिली.

"झोपलेला असतोय म्हणं," ती म्हणाली. "चार वाजता उठतबी न्हाई."

"चांगलंच की मग," मी म्हणालो.

"व्हय, चांगलं हाय." आणि आत जाता जाता, "म्हंजे साहेब त्यांच्यासंग गेले न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडी काढायला लावली. कुठं जायचं ते सांगितलं नाही, पण मुखेडच्या रस्त्याला लागल्यावर मला कळलं. बिलोलीत त्या घराच्या फाटकाला गंज चढायला लागला होता, दाराला मोठं कुलूप, कडुनिंबाचा पाला ओसरीवर साचलेला. आत्यानं पदरानं थोडी जागा झाडली आणि बंद दाराला पाठ टेकून बसली. मीही बसलो. शमीमबी भिंतीवरून डोकावल्या, काही न विचारता आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. आत्यानं आपला चहा बशीत ओतला, पण प्याली नाही. बशी शेजारी फरशीवर ठेवून दिली.

साडेचार वाजले. ऊन भिंतीवरून वर सरकलं. आतून काही आवाज आला का? मला ठाऊक नाही. मी ऐकायचं नाही असं ठरवून बसलो होतो. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, बूट घातले आणि फाटक लावून घेतलं.

गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, "कशासाठी आलो होतो आत्या आपण?"

"काही न्हाई रे," आत्या म्हणाली. "चहाच्या वक्ताला कुणीतरी असावं."